आधी उघडून तर बघा!

पंखा बंद पडायला माझी हरकत नाही. पण त्याने सांगून बंद पडावं. घरातल्या बाकीच्या वस्तूंना एवढी रीतभात असते. ट्यूबलाइट जायच्या आधी आठ दिवस डोळे मिचकावते. नळ जायच्या आधी खाकरतो. मिक्सर प्राण सोडण्यापूर्वी जळका वास सोडतो. आमची डोंबिवलीची लोकलसुद्धा, उशीर झाल्यावर का होईना, कर्ण्यातून दिलगिरी व्यक्त करते. संपावर जायचं तर आधी नोटीस द्यावी लागते, हे मी नोकरीत असताना युनियनच्या सभांना मागच्या बाकावर बसून शिकलो आहे. आमच्या पंख्याला यातलं काहीच मान्य नाही. तो मजेत फिरत असतो आणि मनात येईल त्या क्षणी थांबतो.

२०२५ सालच्या मे महिन्यातला रविवार होता. दुपारची वेळ. पोटात आमरस आणि डोक्यावर पंखा, म्हणजे मध्यमवर्गीय माणसाचा मोक्ष. डोळा लागला आणि तासाभरात जागही आली. आवाजाने नव्हे, आवाज थांबल्याने. शेहेचाळीस वर्षं कानाशी चाललेली घरघर थांबली की माणूस दचकून उठतो. संसारातही तसंच आहे म्हणा. तेवढ्यात स्वयंपाकघरातून प्रश्न आला,

"गेले वाटतं?"

"कोण?" मी घाबरून विचारलं.

"लाइट हो!"

लाइट गेले नव्हते. फ्रिज चालू होता. शेजारच्यांचा टीव्ही तर फारच चालू होता. फक्त आमचा पंखा थांबला होता. बटण खालीवर केलं, रेग्युलेटर एकापासून पाचपर्यंत फिरवला, पंख्याकडे रागाने पाहिलं. काही नाही. वर्तमानपत्राने वारा घेत पंधरावीस मिनिटं काढली, आणि पंखा आपला आपण चालू झाला, जणू चहा पिऊन आला! पुन्हा पाऊण तासाने थांबला. पुन्हा पंधरावीस मिनिटांची रजा. आठवडाभर हे वेळापत्रक त्याने रेल्वेला लाजवील इतकं काटेकोर पाळलं.

या पंख्याची थोडी ओळख करून द्यायला हवी. हा पंखा आमच्या घरात माझ्याच दिवशी आला. १९७९ साली, आमच्या लग्नात, हिच्या मामांनी आहेर म्हणून दिला. रुखवतात चकल्यांचं ताट आणि लोकरीचा कुत्रा यांच्या मधोमध तो ठेवला होता. वऱ्हाडातल्या बायका कुत्र्याचं कौतुक करून पंख्याला वळसा घालून जात होत्या. पुढे लोकरीच्या कुत्र्याला कसर लागली, चकल्या तर मांडवातच संपल्या, पंखा मात्र टिकला. त्याच्याखाली दोन मुलांचे पाळणे हलले, दहावीबारावीचे अभ्यास झाले, माझ्या वडिलांचं शेवटचं दुखणं झालं. मधे एकदा, १९९७ च्या मे महिन्यात, त्याचं वाइंडिंग जळलं. स्टेशनच्या जिन्याखालच्या दुकानातल्या मिस्त्रींनी ते नव्याने भरून दिलं. त्यानंतर भारनियमनाने बंद ठेवला तेवढा वेळ सोडला, तर त्याने स्वतः होऊन कधी रजा घेतली नव्हती.

आपल्याकडे घरात माणूस आजारी पडला तर भेटायला येणारे दोन गोष्टी आणतात : मोसंबी आणि निदान. पंखा आजारी पडला तर मोसंबी वाचतात. निदान मात्र येतंच.

या निदान करणाऱ्यांचे चार पंथ आहेत, असं माझ्या लक्षात आलं. पहिला पंथ कपॅसिटरवाल्यांचा. महाराष्ट्रात बहुधा याचेच अनुयायी सर्वांत जास्त असावेत. पंखा हा शब्द तुम्ही पुरता उच्चारण्याच्या आधी हे म्हणतात, "कपॅसिटर गेला असणार." पहिल्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर या पंथाचे मठाधिपती. त्यांनी वर मान न करता, जिन्यातूनच, अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लिहून दिला. तो आणून कोपऱ्यावरच्या पोऱ्याकडून बसवला. पंखा पाऊण तासाने थांबला. "मग कपॅसिटर डुप्लिकेट असणार," असं म्हणून त्यांनी दुसरा लिहून दिला. तोही बसवला. पंखा पाऊण तासानेच थांबला.

दुसरा पंथ काठीवाल्यांचा. हे कृतिशील लोक. यांचं म्हणणं, पंख्याच्या पात्याला काठीने एक धक्का द्या, की तो चालू होतो. यात अगदीच तथ्य नाही असं नाही. पंखा नुसता गुणगुणत असेल आणि फिरत नसेल, तर धक्क्याने तो फिरतो खरा. पण मग ज्या दिशेला धक्का द्याल त्याच दिशेला फिरतो. आमच्या मामांनी, म्हणजे ज्यांनी पंखा दिला त्यांनीच, स्वतःच्या घरातला पंखा एकदा छत्रीच्या दांड्याने असा उलटा चालू केला होता. तो रात्रभर सगळा वारा छताला घालत होता. मामा खाली घामाघूम. पण 'चालू केला की नाही!' या समाधानात गाढ झोपले.

तिसरा पंथ रेग्युलेटरवाल्यांचा. हे बहुधा स्वतःच्या घरातला रेग्युलेटर नुकताच बदललेले असतात आणि आपल्याला झालेला खर्च इतरांनाही व्हावा अशी त्यांची सद्भावना असते. पूर्वीचा रेग्युलेटर म्हणजे काळी भलीमोठी पेटी असे. पंखा हळू करायचा तर जादा वीज ती स्वतःच्या पोटात जाळी, आणि तिच्या अंगाला हात लावला तर तापाच्या पेशंटसारखी लागे. आता इवलीशी इलेक्ट्रॉनिक कळ असते. ती बिघडते, नाही असं नाही. पण ती बिघडली आहे की नाही हे कळायला ती बदलावी लागत नाही. जाणत्या माणसाकडून मधून काढून पंखा थेट जोडून बघितला की झालं. मी न बघता बदलली. पंखा पाऊण तासाने थांबला.

या तिन्ही पंथांवर माझा राग नाही. हे लोक चुकीचे असतील, पण ते निदान पंख्याबद्दल बोलतात. माझं भांडण आहे ते चौथ्या पंथाशी, नवीनवाद्यांशी. यांना पंख्यात रसच नसतो. पंखा गुणगुणतो की गप्प राहतो, तापतो की नाही, किती वेळाने थांबतो, काही विचारत नाहीत. एकच वाक्य : "फेकून द्या हो, नवीन घ्या!" या पंथात माझे चिरंजीवही आहेत. ते बंगलोरला असतात आणि फोनवरून आमचं घर रिकामं करत असतात. आतापर्यंत त्यांच्या सांगण्यावरून एक शिवणयंत्र, दोन स्टोव्ह आणि माझी इस्त्री भंगारात गेली आहे. पंख्याचं कळताच ते म्हणाले, "बाबा, मी ऑर्डर करतो. उद्या येईल."

"अरे, पण याला झालंय काय ते तरी बघू."

"झालंय काय म्हणजे? जुना झालाय."

तरी बापाचं मन राखावं म्हणून त्यांनी तिकडूनच एका नामवंत सेवेचा तंत्रज्ञ पाठवला. तरतरीत मुलगा होता. अंगात कंपनीचा टी-शर्ट, हातात मोबाइल, पाठीला सॅक. त्या सॅकमध्ये काय होतं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण ती त्याने उघडलीच नाही. शिडी मागितली नाही, स्टूल मागितलं नाही. पंख्याखाली उभा राहिला आणि वर बघून म्हणाला,

"काका, किती जुना आहे?"

"शेहेचाळीस वर्षं," मी जरा अभिमानानेच सांगितलं.

"मग?" तो म्हणाला.

एवढंच. "मग?" याच्यापुढे त्याने काही सांगितलं नाही, आणि त्याला काही सांगायचं आहे असं वाटलंही नाही. मोबाइलवर बोटं फिरवली, माझ्या मोबाइलवर बिल आलं : भेटीचे तीनशे पन्नास रुपये, अधिक जीएसटी. मी मुकाट्याने भरले. वर त्याला पाच तारे द्या म्हणाला, तेही दिले.

हा सगळा लेख त्या 'मग?'चं उत्तर म्हणून लिहितो आहे. तिथल्या तिथे उत्तर सुचलं असतं तर लेख लिहायची वेळ आली नसती. पण मला उत्तरं नेहमी माणूस जिना उतरून गेल्यावरच सुचतात.

माझं उत्तर असं : वय हे निदान नव्हे. ताप का आला हे विचारल्यावर जो डॉक्टर जन्मतारीख बघून हात झटकतो, त्याच्याकडे आपण दुसऱ्यांदा जात नाही. पंख्याच्या बाबतीत मात्र अशाच डॉक्टरला पाच तारे देतो. आणि पंख्यात असं असतं तरी काय, की ज्याचं गूढ कोणाला उकलू नये? तांब्याच्या तारेची वेटोळी, दोन बेअरिंगं, एक कपॅसिटर, चार स्क्रू आणि तीन पाती. गंमत म्हणजे वीज ज्या वेटोळ्यांत जाते ती आत जागची हलत नाहीत. बाहेरचं कवच पाती घेऊन गरगरतं. थोडक्यात, आमच्या ऑफिससारखंच : पॉवर सगळी आत केबिनमध्ये, आणि पळापळ बाहेरच्यांची.

आता या मंडळींत कपॅसिटरचं काम काय? घरात येणारी वीज एकफेजची. तिला एकटीला पंखा चालू करता येत नाही. ती आपली एकदा इकडे, एकदा तिकडे ओढत बसते, आणि पंखा मधल्या मधे गुणगुणत उभा राहतो. म्हणून वेटोळ्यांचे दोन संच असतात आणि कपॅसिटर त्यांतल्या एकाची वीज दुसऱ्याच्या मागेपुढे करतो. दोघांनी पाळीपाळीने ओढलं की चक्र फिरायला लागतं, आणि कुठल्या बाजूला फिरायचं तेही ठरतं. कपॅसिटर अशक्त झाला तर पंखा मंद होतो. पुरता गेला तर गुणगुणत उभा राहतो. आमचा पंखा थांबायचा तेव्हा गुणगुणत नव्हता. तो गप्प होता. साधी गोष्ट! पण मी दोन कपॅसिटर आणि एक रेग्युलेटर विकत घेईपर्यंत ती मला कोणी विचारली नाही, आणि मीही पंख्याला विचारली नाही.

कारण बंद पडलेला पंखा बोलतो हो! आपल्याला ऐकायची सवय राहिलेली नाही. बटण चालू असताना गुणगुणतो, म्हणजे वीज पोचते आहे, ढकलणाऱ्याची ताकद कमी पडते : कपॅसिटर बघा, बेअरिंग बघा. मेन स्विच बंद करून पातं हाताने फिरवा. (नुसतं भिंतीवरचं बटण नव्हे, मेन स्विच! काही घरांत बटण चुकीच्या तारेत जोडलेलं असतं आणि पंखा बंद असूनही वरची तार जिवंत असते.) पातं सहज फिरलं तर बेअरिंगवरचा आळ बहुतेक गेला, घासलं, अडलं, तर ग्रीस वाळलं आहे. अजिबात आवाज नाही, म्हणजे वीजच आत पोचत नाही : बटण, रेग्युलेटर, छताजवळच्या टोपीतला जोड, नाहीतर आतली तार, यांपैकी कुठेतरी रस्ता तुटला आहे. आणि तापल्यावर थांबतो, गार झाल्यावर चालतो, असं असेल तर मामला उष्णतेचा. काही मोटारींत जास्त तापलं की वीज तोडणारी एक कळ बसवलेली असते, ती काम करते आहे. नाहीतर कुठला तरी ढिला जोड तापून प्रसरण पावतो, सुटतो आणि गार झाला की पुन्हा टेकतो. यात कुठेही जन्मतारखेचा संबंध येत नाही.

नवीनवादी यावर म्हणतील, "तुम्ही जुन्याचे भक्त. नव्या पंख्यांनी वीज वाचते, त्याचं काय?" वाचते. मी प्रामाणिक माणूस आहे, आणि बिल माझ्याच नावावर येतं. जुन्या धर्तीचा पंखा साधारण पंचाहत्तर वॅट खातो. नवा बीएलडीसी पंखा तीस वॅटच्या आसपास तेवढाच वारा देतो. दिवसाला बारा तास धरले, तर रोज अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त, महिन्याला सोळा युनिटं वाचली. ही काही थट्टेची गोष्ट नाही. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवरही फ्रिजसारखे तारे छापणं सक्तीचं झालं, तेही चांगलंच झालं. ज्याला घ्यायचा त्याने अवश्य नवा घ्यावा. घरात पंखा दिवसरात्र चालत असेल तर घ्यावाच. पण वीज वाचवायची म्हणून घेणं वेगळं, आणि एक सुटलेली तार शोधायचा कंटाळा म्हणून घेणं वेगळं. दुसऱ्याला पहिल्याचं नाव देऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

आणि माझा खरा राग तर पुढेच आहे. या नव्या पंख्याच्या पोटात एक इलेक्ट्रॉनिक पाटी असते. ती गेली की पंखा गेला. काही पंख्यांत ती पाटी रसायनात बुडवून अशी घट्ट करून टाकलेली असते, की ब्रह्मदेव आला तरी त्याला ती उकलता येऊ नये. का? ओलावा लागू नये म्हणून, असं सांगतात. ठीक आहे. पण निदान ती पाटी सुटी मिळेल की नाही? वॉरंटी संपल्यावर मिळेल का? मी चौकशीसाठी एका दुकानात गेलो. विक्रेत्याने रिमोटने पंखा चालवून दाखवला, दिवा लावून दाखवला, पंख्याकडून झोपेची वेळसुद्धा पाळून दाखवली. मी विचारलं, "हा उघडतो कसा?" तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी नवरीला आयसीयूची चौकशी करतो आहे. म्हणाला, "काका, उघडायचा कशाला? नवीन आहे!"

हा प्रश्न विचारणारा मी एकटाच विक्षिप्त आहे असं समजू नका. खुद्द केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यासाठी एक पोर्टलही सुरू केलं. घरगुती उपकरणं, मोबाइल, वाहनं, शेतीची अवजारं यांच्या दुरुस्तीची माहिती कंपन्यांनी लोकांना द्यावी, असा त्यामागचा हेतू. वाचून मला आनंद झाला आणि जरा वाईटही वाटलं. ज्या देशात दाढीचं ब्लेड पेन्सिलीला, पेन्सिलीचा तुकडा पेनाच्या टोपणाला आणि जुनं धोतर आधी पंचाला, मग फडक्याला लागत असे, त्या देशाला दुरुस्ती हा हक्क आहे हे समिती नेमून सांगावं लागतं!

आणि पंख्याची तर कुळकथाच उघडाउघडीची आहे. अमेरिकेत फिलिप डील नावाचा एक गृहस्थ शिवणयंत्रांच्या कामात होता. १८८० च्या दशकात त्याने शिवणयंत्राच्या मोटरला पाती जोडून ती छताला टांगली, असं सांगतात. त्याच्या घरचे 'मोटर बंद पडली की नवीन घ्या' म्हणणारे असते, तर आज आपण सगळे ताडाच्या पंख्याने वारा घेत बसलो असतो.

असो. शेवटी मी उठलो आणि स्टेशनच्या जिन्याखाली गेलो. मिस्त्रींचं दुकान अजून होतं, म्हणजे अर्धं होतं. पुढच्या भागात मोबाइलची कव्हरं लटकत होती. मागे अंधारात वाइंडिंगचं मशीन आणि त्यामागे मिस्त्री. केस पांढरे, चष्मा जाड. पूर्वी भिंतीला टेकून पंख्यांची रांग असायची, तिथे आता दोनच पंखे होते. "कव्हरं मुलाची," ते म्हणाले. "त्याच्यावर भाडं निघतं."

पंखा उतरवून, उघडून, तपासून परत लावायचे चारशे रुपये सांगितले. आता मी काय केलं ते लिहायला हात जड होतो, पण लिहितो. मी म्हणालो, "चारशे? पार्ट काही लागला तर त्याचे वेगळेच ना? तीनशे पन्नास घ्या." ते हसून "बरं" म्हणाले. मोबाइलवरच्या बिलापुढे ज्याची मान वर झाली नव्हती, त्या माणसाची ही घासाघीस.

मिस्त्री आले. चपला दाराबाहेर काढल्या. हिला "वहिनी, बरं आहे ना?" विचारलं. पंखा चालू केला आणि त्याच्याखाली खुर्ची ओढून बसले. मला वाटलं, आता शिडी मागतील. ते नुसते बसून राहिले. मी चुळबुळ करायला लागलो तेव्हा म्हणाले, "बंद पडताना बघायला पायजे ना, साहेब. चालू पंख्याला काय विचारणार?"

चहा झाला. जुन्या डोंबिवलीच्या गोष्टी झाल्या. पाऊण तास होताच पंखा थांबला. मिस्त्री शिडीवर चढले, मधल्या गोलाला बाहेरून हात लावला, मान हलवली. वरची टोपी खाली सरकवून दिव्याने तपासलं. दिवा लागला. "इथपर्यंत येतीय. पुढं तुटतीय." मग मेन स्विच बंद करायला लावला, पंखा उतरवला, स्वयंपाकघरात वर्तमानपत्रावर ठेवून उघडला. शेहेचाळीस वर्षांत मी त्या पंख्याला आतून प्रथमच पाहत होतो. बाहेरून येणारी तार आतल्या वेटोळ्यांना जिथे मिळते, तिथली नळी त्यांनी सरकवली आणि एक तार हलकेच ओढली. ती अलगद हातात आली.

मिस्त्री गप्प झाले. चष्मा वर करून त्यांनी दोऱ्याची गाठ जवळून पाहिली.

"हे माझंच काम," ते म्हणाले. "ही गाठ माझी. कधी भरलं होतं?"

"सत्त्याण्णव साली. मे महिन्यात."

"मे होता, तरीच. रांग लागायची पंख्यांची. सोल्डर गार व्हायच्या आत वायर हलली असणार. आतनं धरलंच नाही बघा. नुसतं टेकून होतं."

अठ्ठावीस वर्षं टेकून होतं! सगळे ज्याला म्हातारपण म्हणत होते, ती एका घाईच्या दुपारची चूक होती. त्यांनी तार खरवडली, नव्याने सोल्डर केलं, आणि मग हातातलं काम खाली ठेवून चक्क दोन मिनिटं वाट पाहिली. नवी नळी चढवली, दोरा बांधला, वर वार्निश दिलं, बेअरिंगं पुसून नवं ग्रीस भरलं. वार्निश वाळायला पंखा रात्रभर ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी येऊन छताला लावला. खुर्ची ओढून पुन्हा एक तासभर खाली बसले. पंखा थांबला नाही.

मी तीनशे पन्नास काढले. त्यांनी नळी, वार्निश आणि ग्रीसचे साठ रुपये घेतले.

"अहो मिस्त्री, मजुरी?"

"माझीच चूक होती, साहेब. तिचे परत पैसे घेऊ होय?"

वॉरंटी दोन वर्षांची असते म्हणा, पाच वर्षांची म्हणा. अठ्ठावीस वर्षांनी स्वतःची गाठ ओळखून, कागद नसताना, कोणी बोट दाखवलेलं नसताना, स्वतः होऊन दिलेली वॉरंटी मी पहिल्यांदाच पाहिली. मी खूप आग्रह केला. त्यांनी चहा घेतला.

त्यानंतर मी बराच वेळ चालू पंख्याखाली बसून होतो आणि मला घाम येत होता. कंपन्यांना शिव्या देणं सोपं आहे. मघापासून मी त्याच देतो आहे. पण जिन्याखालच्या त्या भिंतीजवळची रांग दोन पंख्यांवर आली, ती नुसती कंपन्यांमुळे? आपण वस्तूचे पैसे देतो, कळण्याचे देत नाही. दोन कपॅसिटर आणि एक रेग्युलेटर यांचे पैसे मी हूं का चूं न करता दिले, कारण ते हातात आले होते. ते निरुपयोगी होते ही गोष्ट वेगळी. पाऊण तास खुर्चीवर बसून पंख्याचं ऐकणं मात्र हातात येत नाही, पिशवीत घालता येत नाही, म्हणून तिथे पन्नास रुपये कमी! मिस्त्रींच्या मुलाने कव्हरं विकायला घेतली, तर त्याचं काय चुकलं? कव्हराला कोणी विचारत नाही, "पार्ट तर काहीच बदलला नाही, मग एवढे कसले?"

तेव्हा नवीनवादी बंधुभगिनींनो, माझ्या मागण्या फार नाहीत. एक : कुठलीही वस्तू फेकण्यापूर्वी जाणत्या माणसाकडून एकदा उघडून बघा. दोन : उघडून बघणाऱ्याला बघण्याचे पैसे द्या, पार्ट बदलो की न बदलो. तीन : नवीन वस्तू घेताना दुकानदाराला विचारा, ही उघडते कशी, आणि आतला भाग सुटा मिळतो का. एकट्याने विचारलं तर तो वेड्यात काढतो, हे मी अनुभवाने सांगतो. रोज दहाजणांनी विचारलं तर त्याला वर कंपनीत विचारावं लागेल. एवढं करून वस्तू खरंच गेलेली निघाली, तर खुशाल नवी आणा. मी स्वतः पेढे घेऊन बघायला येईन.

रात्री बंगलोरहून फोन आला. सगळी हकीकत सांगितली. चिरंजीव म्हणाले, "ते ठीक आहे बाबा, पण आता शेहेचाळीस वर्षांचा आहे तो."

"मग?" मी म्हणालो.

आयुष्यात पहिल्यांदा उत्तर मला वेळेवर सुचलं होतं.

मिस्त्रींना मी त्याच आठवड्यात आणखी दोन पंखे नेऊन दिले, एक मेव्हण्यांचा आणि एक पहिल्या मजल्यावरच्या बँक मॅनेजरांचा. दुसऱ्याचा कपॅसिटर गेलेला निघाला. बँक मॅनेजर आता पुन्हा जिन्यात भेटत असतात.

आमचा पंखा तेव्हापासून उत्तम चालला आहे. परवा सकाळी मात्र पेपर वाचता वाचता तो अचानक थांबला. माझ्या अंगात वीरश्री संचारली. मी कान देऊन ऐकलं : गुणगुण नाही. म्हणजे वीज पोचत नाही! धावत जाऊन मेन स्विच बंद केला, स्टूल आणलं, पातं हाताने फिरवून बेअरिंग पाहिलं, मधल्या गोलाला हात लावून ताप पाहिला, आणि मिस्त्रींच्या थाटात खाली खुर्ची ओढून बसलो. तेवढ्यात ही हातात केरसुणी घेऊन दारात आली.

"अहो, मी बंद केलाय तो. केर काढायचाय. पाय वर घ्या."